भूल उतरताना : शुद्धीवर येण्याचा इतिहास

२४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजेच 'एम्स'मध्ये, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. रुग्णाचे वय ७६ होते आणि ही त्यांची दुसरी बायपास होती. पहिली १९९० मध्ये झाली होती. एकदा उघडून शिवलेली छाती पुन्हा उघडणे हे पहिल्या वेळेपेक्षा अवघड असते. मुंबईचे शल्यविशारद डॉ. रमाकांत पांडा आणि एम्सचा चमू यांनी ती शस्त्रक्रिया पार पाडली. डॉ. पांडा यांनी पुढे एक आठवण सांगितली. श्वासनलिकेतील नळी काढल्यावर रुग्णाने पहिली चौकशी केली ती देशाची आणि काश्मीरची. स्वतःच्या हृदयाविषयी त्यांनी काही विचारले नाही.

२०२४ च्या डिसेंबरात सिंग यांच्या निधनानंतर ही आठवण अनेकांनी वाचली आणि ती त्यांच्या कर्तव्यनिष्ठेची खूण मानली गेली. भूलतज्ज्ञाला त्याच शब्दांत आणखी काही ऐकू येते. नळी निघाली आहे, म्हणजे श्वास स्वतःचा आहे. आवाज फुटतो आहे, म्हणजे घशाच्या आणि छातीच्या स्नायूंत बळ परतले आहे. प्रश्न सुसंगत आहे, म्हणजे स्मृती जागेवर आहे. आणि काळजी कालचीच आहे, म्हणजे झोपी गेलेला माणूसच जागा झाला आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेले नातेवाईक ज्या एका वाक्याची वाट पाहतात, त्या 'शुद्धीवर आले' या वाक्यात या चारही गोष्टी सामावलेल्या असतात.

मराठीत भूल 'दिली' जाते आणि भूल 'उतरते'. देणारा कोणी असतो. उतरणे मात्र आपोआप घडत असावे, असे ही शब्दयोजना सुचवते. वैद्यकाच्या इतिहासानेही बराच काळ हाच समज बाळगला. भूल देण्याच्या तारखा, माणसे आणि वाद ग्रंथोग्रंथी नोंदले गेले. भूल उतरण्याचा इतिहास त्या मानाने विखुरलेला राहिला. त्याचे काही महत्त्वाचे धागे कोलकाता, हैदराबाद, पुणे आणि दिल्ली या भारतीय शहरांतून जातात.

ईथर आणि लांबलेली जाग

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ देऊन वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक केले. अवघ्या पाच महिन्यांत, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईथरचा वापर झाला. त्या काळच्या जहाजांचा वेग पाहता हा प्रसार थक्क करणारा आहे.

ईथरने वेदना हरवली, पण रुग्ण सावकाश जागा होई. कारण भौतिक होते. ईथर रक्तात फार विरघळते. समतोल साधल्यावर एक लिटर वायूत जेवढे ईथर असते, त्याच्या सुमारे बारा पट ते एक लिटर रक्तात साठते. शस्त्रक्रिया संपून वाफ बंद केली, तरी हा साठा फुप्फुसांवाटे बाहेर पडायला वेळ लागतो. तोपर्यंत रुग्ण गुंगीत बरळतो, हातपाय झाडतो, त्याला उलट्या होतात. आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर जीवही जातो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेवोफ्लुरेनसाठी हेच प्रमाण बारा नसून सुमारे ०.६५ आहे. आजचा रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडतो, यामागे हा आकडाही आहे.

हैदराबादचा वाद

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणले. ते वापरायला सोपे आणि वेगवान होते. पण जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यानंतर दगावली. तिच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. एवढ्या किरकोळ कामासाठी दिलेल्या भुलेतून ती परत आली नाही. मृत्यूचे कारण काय, प्रथम श्वास थांबतो की हृदय, या प्रश्नावर पुढे दशकानुदशके वाद झाला.

त्या वादाचे एक मोठे रणांगण हैदराबादेत होते. तेथील शल्यविशारद एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामवंत औषधशास्त्रज्ञ आले. रूपाबाई फर्दुनजी या तरुण पारशी डॉक्टरचाही या कामाशी संबंध होता. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांनंतर आयोगाने निष्कर्ष काढला की श्वास आधी थांबतो. म्हणून नजर श्वासावर ठेवा, हृदयाची चिंता नको.

या निष्कर्षाचा उत्तरार्ध टिकला नाही. १९११ मध्ये ए. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रेनलिनच्या प्रभावाने हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. भूल जितकी गाढ तितका धोका मोठा, ही सरळ समजूत त्यामुळे डळमळली. अर्धवट गुंगी, म्हणजे झोप आणि जाग यांमधला उंबरठा, हीसुद्धा जोखमीची जागा ठरली. आयोगाच्या निष्कर्षाचा पूर्वार्ध मात्र आजही प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या अंगवळणी पडलेला आहे : रुग्णाच्या श्वासावरून लक्ष हलवू नये.

पुणे, १९२४ : दिवा गेला तेव्हा

ही शिकवण किती मोलाची होती, हे पुण्याच्या एका प्रसंगावरून उमगते. येरवडा तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा दाह झाला, म्हणून त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले.

या हकिकतीत शल्यविशारदाची अडचण सहज लक्षात येते. भूल देणाऱ्याची येत नाही. त्या काळी रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र नव्हते. ओठांचा आणि नखांचा रंग, बुबुळांचा आकार, छातीची हालचाल आणि बोटाखालची नाडी ही त्याची साधने. उजेड गेला की रंग गेला, बुबुळे गेली. उरला तो श्वासाचा आवाज आणि नाडीचा स्पर्श. गांधी शुद्धीवर आले, पण प्रकृती सावकाशच सुधारली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली तेव्हाही ते रुग्णालयातच होते. शुद्धीवर येणे आणि बरे होणे यांतील अंतर त्या वेळी साऱ्या देशाने अनुभवले.

जागे होण्यासाठी एक खोली

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला थेट वॉर्डात न नेता जवळच्या खोलीत काही काळ ठेवावे, ही कल्पना तशी जुनी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मध्येच लहान रुग्णालयांतील अशा खोल्यांचा उल्लेख केला होता. पण ती सर्वत्र रूढ व्हायला दुसरे महायुद्ध यावे लागले. परिचारिका कमी आणि रुग्ण जास्त, अशा स्थितीत नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांना एका ठिकाणी ठेवणे सोयीचे होते. सोय म्हणून आलेली व्यवस्था जीवरक्षक आहे, हे आकड्यांनी दाखवले. १९४७ मध्ये फिलाडेल्फियातील एका अभ्यासगटाने शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यूंची छाननी केली. त्यांपैकी जवळजवळ निम्मे टाळता आले असते, असे आढळले. जीभ मागे पडणे, उलटी श्वासनलिकेत जाणे, श्वास उथळ होत जाणे यांसाठी मोठे औषध लागत नाही. वेळीच पाहणारा माणूस लागतो. त्याच १९४७ साली भारतातील भूलतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

तेवढ्यात एक नवे संकट उभे राहिले होते. जानेवारी १९४२ मध्ये माँट्रियलचे हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे हे औषध शस्त्रक्रियेत वापरले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत असलेले हे विष स्नायू शिथिल करते, त्यामुळे शल्यविशारदाचे काम सोपे होते. १९५४ मध्ये हेन्री बीचर आणि डोनाल्ड टॉड यांनी दहा अमेरिकी रुग्णालयांतील ५,९९,५४८ भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. स्नायू शिथिल करणारी औषधे वापरली नव्हती तेथे भुलेशी निगडित मृत्यूचे प्रमाण २,१०० मध्ये एक होते. वापरली होती तेथे ३७० मध्ये एक.

औषधच विषारी असावे, असा लेखकांचा संशय होता. पुढे बहुतेक भूलतज्ज्ञांना दुसरे कारण पटले. मेंदूची भूल उतरत असे, पण छातीच्या आणि घशाच्या स्नायूंवरील पकड पूर्ण सुटलेली नसे. असा रुग्ण जागा असूनही पुरेसा श्वास घेऊ शकत नाही. भूल एकच असली तरी ती शरीराच्या सर्व भागांतून एकाच वेळी उतरत नाही, हा त्यातून मिळालेला महागडा धडा.

एक रेणू आणि एम्सचे पहिले संचालक

स्नायूंना त्या पकडीतून सोडवण्याची किल्ली ॲसिटिलकोलिन या रेणूत होती. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नेणारा हा दूत. क्युरारे स्नायूवरील त्याची जागा अडवून बसते. निओस्टिग्मिनसारखे औषध ॲसिटिलकोलिनचे विघटन थांबवते. त्याचा साठा वाढतो आणि गर्दीच्या बळावर तो आपली जागा परत मिळवतो. आजही असंख्य शस्त्रक्रियांच्या अखेरीस हेच इंजेक्शन दिले जाते.

याच रेणूचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांत एक मराठी नाव आहे : डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित. १९३४ मध्ये त्यांनी मांजरांच्या मेंदूतील पोकळीत ॲसिटिलकोलिनची अत्यल्प मात्रा सोडली, तेव्हा ती प्राणी झोपेसारख्या अवस्थेत गेले. मेंदूतील 'निद्राकेंद्रा'वर हा रेणू काम करतो, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजची धुरा वाहिल्यानंतर दीक्षित दिल्लीला गेले आणि १९५६ मध्ये स्थापन झालेल्या एम्सचे पहिले संचालक झाले.

त्यांच्या निष्कर्षाचे नंतर जे झाले, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावे. ॲसिटिलकोलिन हा जागेपणाचाही रेणू आहे, हे पुढील संशोधनाने दाखवले. मेंदूच्या बाह्यांगात तो जाग राखतो. मेंदूच्या देठात तो स्वप्नांच्या निद्रेला चालना देतो. रेणू एकच, पण तो कोणत्या जागी सोडला यावर परिणाम ठरतो. दीक्षितांनी पाहिले ते खरे होते. त्याचा नकाशा मात्र त्या काळी कोणाकडेच नव्हता.

एम्सच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख डॉ. बाळकृष्ण आनंद यांच्या कामाचीही अशीच कथा आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात १९५१ मध्ये जॉन ब्रोबेक यांच्यासोबत त्यांनी हायपोथॅलॅमसच्या बाहेरील बाजूस भुकेचे केंद्र असल्याचे दाखवले. १९९८ मध्ये याच भागातील पेशींतून ओरेक्सिन हे रसायन सापडले. ते भुकेचेच असावे, या समजुतीने त्याचे नावही भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले गेले. पुढच्याच वर्षी कळले की त्याच्या अभावी नार्कोलेप्सी हा अकाली झोपेचा विकार होतो; म्हणजे हे रसायन माणसाला जागे ठेवते.

जाग म्हणजे उलटी झोप नव्हे

२००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मॅक्स केल्झ आणि सहकाऱ्यांनी ओरेक्सिनचा संबंध थेट भुलेशी जोडला. उंदरांतील ओरेक्सिनची यंत्रणा बंद पाडली, तेव्हा त्यांना भूल चढायला नेहमीइतकाच वेळ लागला. भूल उतरायला मात्र जास्त लागला. भूल उतरणे ही भूल चढण्याचीच उलटी वाट असती, तर दोन्हींवर सारखा परिणाम दिसायला हवा होता. औषध रक्तातून निघून जाणे हा जागे होण्याचा एक भाग आहे. मेंदूला आपल्या बाजूने जाग उभीही करावी लागते आणि त्यासाठी त्याच्याकडे वेगळी यंत्रणा आहे.

२०१८ चा एक प्रयोग याहून पुढे गेला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून पीएच.डी. केलेले दिनेश पाल आणि मिशिगन विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी उंदरांना सेवोफ्लुरेनची भूल दिली आणि वायू चालूच ठेवला. त्याच अवस्थेत मेंदूच्या पुढच्या भागात ॲसिटिलकोलिनसारखे काम करणारे एक रसायन सोडताच उंदीर हालचाल करू लागले, जागे असल्यासारखे वागू लागले. मागच्या बाजूच्या पार्श्विक भागात तेच रसायन सोडले, तर ते उठले नाहीत. ज्या रेणूने १९३४ मध्ये मांजरे निजली, त्याच रेणूच्या नकलेने चौऱ्याऐंशी वर्षांनी भुलेतले उंदीर जागे केले. फरक होता तो जागेचा.

दहापैकी किती गुण?

प्रयोगशाळेत जागेपणाचा असा शोध चालू असताना रुग्णालयाला रोजचा निर्णय घ्यावाच लागतो : या रुग्णाला आता वॉर्डात पाठवावे की नाही? १९७० मध्ये होर्हे अँतोनियो आल्द्रेते यांनी त्यासाठी सोपे कोष्टक दिले. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. नऊ वा अधिक गुण मिळाले की रिकव्हरी रूममधून सुटका. १९९५ च्या सुधारित कोष्टकात रंगाच्या जागी रक्तातील प्राणवायूचे मोजमाप आले. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या तत्त्वावर बनलेला पल्स ऑक्सिमीटर तोवर सर्वत्र पोहोचला होता. कंदिलाच्या उजेडात जे ओठांवर शोधावे लागे, ते आता बोटावरची चिमटी सांगते.

या कोष्टकातील 'शुद्ध' हा रकाना मात्र अजून यंत्राने भरत नाही. नाव विचारावे लागते, डोळे उघडायला सांगावे लागते, हात दाबायला सांगावे लागते. आणि सांगितलेले कळले तरच ते पाळता येते. दिल्लीच्या रुग्णालयांत काश्मीरपासून बिहारपर्यंतचे रुग्ण येतात. अर्धवट गुंगीतल्या माणसाला परक्या भाषेतील सूचना समजली नाही, तर तो गोंधळलेला आहे असे वाटू शकते. त्याच्या बोलीत हाक मारणारे कोणी जवळ असणे ही अशा वेळी वैद्यकीय गरज ठरते.

वयस्क रुग्णांच्या बाबतीत ती अधिकच खरी. १९५५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर बेडफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये वृद्धांच्या मेंदूवर होणाऱ्या भुलेच्या दुष्परिणामांविषयी लिहिले. 'ऑपरेशन झाल्यापासून आई पूर्वीची राहिली नाही' ही नातेवाइकांची तक्रार त्यांनी गांभीर्याने घेतली. आज हे ठाऊक आहे की शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना काही दिवस भ्रम होऊ शकतो. त्याला एकटी भूल कारण नसते. वेदना, जंतुसंसर्ग, झोपमोड आणि अनोळखी परिसर यांचाही त्यात वाटा असतो. त्यावरचे उपायही साधे आहेत : चष्मा आणि कानाचे यंत्र लवकर परत देणे, रात्री झोपू देणे, दिवस कोणता आणि आपण कुठे आहोत हे पुनःपुन्हा सांगणे, ओळखीचा चेहरा समोर असणे.

छोट्या शस्त्रक्रियांचे रुग्ण आता सकाळी येऊन संध्याकाळी घरी जातात. संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला निघताना दिली जाणारी सूचना त्यांच्यापैकी अनेकांना फाजील वाटते : चोवीस तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नका, सोबत जबाबदार माणूस असू द्या. चालता-बोलता आणि हसत बाहेर पडलेल्या माणसाला हे पटत नाही. पण दहापैकी नऊ गुण ही रिकव्हरी रूम सोडण्याची पात्रता आहे. गाझियाबाद वा गुरुग्रामच्या रस्त्यावर गाडी हाकण्याची नव्हे. श्वास, स्नायू, स्मृती आणि विवेक आपापल्या गतीने परततात, हे पावणेदोनशे वर्षांत अनेक जीव गमावून कळले आहे. म्हणून भूल देऊन झाल्यावरही भूलतज्ज्ञ उशाशी उभा राहतो, रिकव्हरी रूममधली परिचारिका पुन्हा एकदा नाव विचारते, आणि घरी नेणाऱ्या माणसाने त्या रात्री हाकेच्या अंतरावर असावे लागते.